सारथ्याचा धर्म

हात मोडलेल्या मनुष्यास घरात, बाजारात, बसगाडीत सर्वत्र वाट करून दिली जाते. गळ्यातील झोळी आणि हातावरील प्लास्टर ही दोन्ही त्याच्या वतीने साक्ष देत असतात. त्याला स्वतः काही सांगावे लागत नाही, आणि त्याच्यावर आळसाचा किंवा भित्रेपणाचा आरोप कोणी करीत नाही. परंतु ज्या दुखापतीस जखम नाही, सूज नाही, पट्टी नाही, तिच्या वाट्याला ही सहानुभूती येत नाही. तिच्याविषयी लोकांना आधी शंका वाटते, मग कंटाळा येतो, आणि शेवटी दुखापत झालेल्यालाही स्वतःची शंका येऊ लागते. खेळताना डोके आपटून मेंदूला जो हादरा बसतो, ज्यास डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो ह्याच जातीच्या दुखापतींपैकी होय.

हा विषय डॉक्टरांचा आहे, त्यात निबंधलेखकाने कशास पडावे, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. मलाही तसेच वाटत होते. पण गेल्या वर्षी हा प्रश्न माझ्या आप्तांच्या घरात उभा राहिला, आणि डॉक्टरांनी आपले काम चोख केल्यावरही तो सुटेना, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ह्याचा अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा नीतीचा आहे.

माझी धाकटी बहीण जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातील एका खेड्यात असते. मोसंबीच्या बागा, कापसाची शेते, एक मारुतीचे देऊळ आणि त्याच्या मागे कबड्डीचे मैदान असे ते गाव. तिचा मुलगा सतरा वर्षांचा. अंगाने काटक, बोलण्यात थोडा, आणि पकडीत तरबेज. एका सामन्यात चढाईला आलेल्या गड्याच्या मांडीस मिठी घालताना त्याचे डोके आपल्याच सोबत्याच्या गुडघ्यावर आदळले. तो क्षणभर पडून राहिला, मग उठला, तोंडावरची माती पुसून जागेवर उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या. नंतर त्याने दोन चढायाही केल्या. दुसऱ्या चढाईहून परत आल्यावर त्याने शेजाऱ्यास गुण किती झाले म्हणून विचारले; उत्तर मिळाले; आणि मिनिटभराने त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. सोबती हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. पण तेवढ्यात जी गोष्ट ओळखावयाची ती निसटून गेली.

रात्री त्याला दोनदा उलटी झाली, डोके ठणकू लागले, दिव्याचा उजेड सोसेना. पहाटे त्यास जालन्यास नेले. सीटी स्कॅन झाला. रक्तस्राव नाही, हाड मोडलेले नाही, असे निघाले. मेंदूला हादरा बसला आहे, विश्रांती द्या, पुन्हा दाखवा, आणि परवानगीवाचून खेळू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले. परंतु गावात पोहोचेपर्यंत ह्या सर्व उपदेशातील तीनच शब्द शिल्लक राहिले: "स्कॅन चांगला आला."

नऊ दिवसांनी संघाचा महत्त्वाचा सामना होता. मी त्याच सुमारास तेथे गेलो, आणि मला तीन निरनिराळे निकाल ऐकावयास मिळाले. मुलगा म्हणे, "मामा, मला काही झालेलं नाही. फोटोतसुद्धा काही दिसलं नाही. मी खेळणार." संघास शिकविणारे गृहस्थ सज्जन होते, ते म्हणाले, "तो बरं वाटतं म्हणतो, मग आपण कोण अडविणारे?" आणि बहीण डोळ्यांस पदर लावून म्हणाली, "दादा, ह्यापुढं मैदानच बंद. जन्मात पुन्हा खेळू देणार नाही." तिघांनाही माझी संमती हवी होती. मला तिघांचेही पटेना. पण का पटत नाही, हे सांगण्यास मला बरेच दिवस लागले.

प्रथम दुखापतीचे स्वरूप पाहू. मेंदू कवटीत पातळ द्रवाने वेढलेला असतो. डोक्यास, किंवा ज्याचा झटका डोक्यापर्यंत पोहोचेल असा शरीरास कोठेही, जोराचा धक्का बसला म्हणजे तो आतल्या आत हालतो व ताणला जातो. त्या ताणाने पेशींमधील क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरण्यास पेशींना अधिक शक्ती लागते, आणि नेमक्या त्याच वेळी शक्तीचा पुरवठा अपुरा पडतो. हा बिघाड रचनेचा नसून मुख्यतः कार्याचा असल्यामुळे नेहमीच्या स्कॅनमध्ये तो दिसत नाही. रक्तस्राव किंवा अस्थिभंग नाही, एवढेच तो स्कॅन सांगतो. चांगला स्कॅन म्हणजे हादरा बसलाच नाही असा अर्थ करणे हे घराच्या भिंती उभ्या आहेत म्हणून आत सर्व कुशल आहे असे मानण्यासारखे आहे. शुद्ध हरपली तरच हादरा, ही समजूतही चुकीची. बहुतेकांची शुद्ध जातच नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड व आवाज न सोसणे, विसरभोळेपणा, चिडचिड, झोपेतील बिघाड, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, ही त्याची चिन्हे होत. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, झापड येत असेल, झटके येत असतील किंवा हातपाय लुळे वाटत असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावयाचे असते.

ह्यातील सांत्वनाची गोष्ट ही की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. प्रौढांस बहुधा दोन आठवडे, मुलांस व तरुणांस महिनाभर लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जगातील तज्ज्ञांची परिषद भरली आणि २०२३ साली तिचे निवेदन प्रसिद्ध झाले. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती. मग फिरणे व हलका व्यायाम. मग खेळातील एकट्याने करावयाच्या हालचाली. लक्षणे पूर्ण गेल्यावर धक्काबुक्की नसलेला सराव. डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव. आणि सर्वांत शेवटी सामना, अशा पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. प्रत्येक पायरीवर निदान एक दिवस थांबावयाचे, आणि त्रास वाढला तर एक पायरी खाली उतरावयाचे. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे निजून राहण्याचा जुना सल्ला आता कोणी देत नाही. परंतु मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा धक्का बसू नये, ह्याविषयी दुमत नाही. कारण दुसऱ्या धक्क्याने बरे होणे लांबते. आणि क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूस अकस्मात सूज येऊन थोड्या वेळात प्राण गेल्याची उदाहरणे नमूद आहेत.

इतके समजल्यावर शिकविणाऱ्या गृहस्थांच्या युक्तिवादातील दोष उघड होतो. "तो बरं वाटतं म्हणतो" हे खरे. पण म्हणणारा कोण? पाय मुरगळला असता निर्णय करणारी बुद्धी शाबूत असते, आणि ती त्या पायाविषयी साक्ष देते. येथे जे दुखावले आहे तेच न्यायासनावर बसले आहे. तराजूचाच काटा वाकला असता त्याच तराजूत तो काटा तोलून पाहण्यात काय अर्थ? मद्य चढलेला मनुष्य आपण शुद्धीवर आहोत असे शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नसतो. म्हणून "माझे शरीर, माझा निर्णय" हे तत्त्व, जे एरवी मला शिरोधार्य आहे, ते ह्या काही दिवसांपुरते तहकूब ठेवावे लागते. ह्यात त्या तरुणाचा अपमान नाही. त्याचा निर्णय त्याच्याकडून हिरावून घ्यावयाचा नसून, तो स्वतः परत येईपर्यंत ठेवीप्रमाणे सांभाळावयाचा आहे.

ह्या ठेवीविषयी महाभारताच्या वनपर्वात एक मार्मिक कथा आहे. शाल्वाने द्वारकेवर स्वारी केली, त्या वेळचा वृत्तान्त श्रीकृष्ण युधिष्ठिरास सांगत आहे. कृष्णपुत्र प्रद्युम्न शाल्वाशी लढत असता बाण लागून रथात मूर्च्छित पडला. त्याच्या सारथ्याने, दारुकाच्या मुलाने, घोडे वळविले आणि रथ रणाबाहेर काढला. प्रद्युम्न शुद्धीवर आला तो संतापूनच. वृष्णिकुळात पाठ दाखविणारा कोणी जन्मला नाही. आता पिता काय म्हणेल, बलराम काय म्हणेल, सात्यकी काय म्हणेल, घरच्या स्त्रिया काय म्हणतील? ह्यापेक्षा मरण बरे होते! सारथी शांतपणे उत्तर देतो की मी भ्यालो नाही आणि गोंधळलोही नाही. रथी मूर्च्छित झाला असता सारथ्याने त्याचे रक्षण करावे हाच धर्म आहे. तुम्ही मला रक्षावे आणि मी तुम्हांस रक्षावे. मग प्रद्युम्न पुन्हा रथ हाकावयास सांगतो, आणि सारथी तितक्याच कौशल्याने त्यास रणात परत घेऊन जातो.

ह्या कथेत दोन गोष्टी मला विशेष वाटतात. प्रद्युम्नास ज्या विचाराने पीडा होते तो बाणाचा नाही, पराभवाचाही नाही. लोक काय म्हणतील, हा आहे. कबड्डीच्या मैदानावरून बाहेर बसविलेल्या प्रत्येक मुलाच्या मनात तीच यादी असते. फक्त बलराम आणि सात्यकी ह्यांच्या जागी वर्गातील सोबती आणि पारावरचे म्हातारे असतात. दुसरी गोष्ट अशी की सारथी रथीचा धनी होत नाही. मूर्च्छेपुरती सूत्रे त्याच्या हाती येतात. मूर्च्छा सरली की तो ती परत करतो. त्याने रथ फिरविला हे जितके उचित, तितकेच तो परत नेला हेही उचित. आमच्या घरातील घोटाळा नेमका येथे होता. शिकविणाऱ्या गृहस्थांस पहिले कर्तव्य मान्य नव्हते, आणि माझ्या बहिणीस दुसरे.

मात्र एक भेद विसरून चालणार नाही. प्रद्युम्नाने डोळे उघडले आणि त्याची मूर्च्छा संपली असे कथेने मानले. आज आपणांस ठाऊक आहे की मेंदूच्या हादऱ्यात डोळे उघडे असतात, पाय चालत असतात, दम घुमत असतो, आणि तरीही आतली मूर्च्छा सरलेली नसते. म्हणून आजच्या सारथ्याचे काम अधिक कठीण आहे. त्यास निपचित पडलेल्या वीरास उचलावयाचे नसून, ताठ उभा राहून "मी ठीक आहे" म्हणणाऱ्या वीरास नको म्हणावयाचे आहे. आणि तेही घटकाभर नव्हे, कित्येक दिवस.

येथे एक अडचण उद्भवते. निर्णय मुलाच्या हाती द्यावयाचा नाही हे ठरले. परंतु निर्णयास लागणारा पुरावा मात्र बहुतांशी त्याच्याच जवळ आहे. डोके दुखते की नाही, वाचताना अक्षरे डोळ्यांपुढे हालतात की नाही, जिना चढताना चक्कर येते की नाही, हे त्याच्यावाचून कोण सांगणार? तेव्हा ह्या सर्व व्यवस्थेचा पाया त्याच्या खरे बोलण्यावर आहे. आणि तरुण मुले खरे केव्हा बोलतात? खऱ्याची किंमत त्यांना परवडेल तेव्हा.

कॅनडातील ओटावा येथे रोवन स्ट्रिंजर नावाची सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्यास मार बसले. आपल्यास हादरा बसला असावा, हे तिने मैत्रिणींस मोबाइलवरील संदेशांतून कळविले होते. आईबापांस व शिक्षकांस मात्र सांगितले नाही. ती पुन्हा मैदानात उतरली, पुन्हा आपटली, आणि काही दिवसांत वारली. तिच्या नावाने ऑन्टॅरिओ प्रांताने २०१८ साली कायदा केला. कायदा झाला हे चांगलेच. पण त्या मुलीची हकीकत वाचताना माझे मन त्या संदेशांपाशीच अडखळते. तिला कळत होते. जे तिने समवयस्कांस सांगितले ते वडीलधाऱ्यांस सांगावेसे तिला वाटले नाही, आणि असे प्रत्येक घरात घडू शकते.

ह्या दृष्टीने पाहता माझ्या बहिणीचा "जन्मात पुन्हा नाही" हा निकाल, तो मायेतून निघालेला असला तरी, मुलाच्या हिताचा नव्हता. पहिल्याच दिवशी जन्मठेप सुनावली म्हणजे आरोपी कबुलीजबाब देत नाही. "डोके दुखते" असे म्हटले की मैदान कायमचे गेले, हे ज्या मुलास कळले तो डोके दुखत असताही हसत राहील. अशा रीतीने मुलाची उतावीळ आणि आईची भीती ही दोन्ही एकमेकांविरुद्ध भासली तरी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन्ही सत्यास गप्प बसवितात.

म्हणून प्रश्न दोन आहेत, आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. "आता खेळावे काय?" हा एक, आणि "ह्यापुढे कधी खेळावे काय?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डॉक्टरांनी व वडीलधाऱ्यांनी द्यावयाचे. त्यात मुलाच्या उत्साहास मत नाही, आणि संघाच्या गरजेस तर नाहीच नाही. दुसऱ्याचे उत्तर मुलानेच द्यावयाचे. पण ते बरा झाल्यावर, सर्व माहिती समजून घेऊन, आणि निवांतपणे. तो अद्याप सज्ञान नसेल तर आईबापांनी त्याच्याबरोबर बसावे, त्याच्या जागी बसू नये. पहिला प्रश्न मुलाच्या हाती देणे हा निष्काळजीपणा. दुसरा त्याच्या हातून काढून घेणे हा जुलूम.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरीव नसते. नरी कॉन्ट्रॅक्टर हे भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार असता मार्च १९६२ मध्ये ब्रिजटाउन येथे बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ ह्यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ही दुखापत साध्या हादऱ्याहून फारच भयंकर, कवटी फुटण्याची, होती. शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल ह्यांनी रक्त दिले. पुढे ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये परतले आणि अनेक वर्षे खेळले. कसोटी सामना मात्र त्यांच्या वाट्याला पुन्हा आला नाही. ते परतले ह्याचा अर्थ सर्वांनी परतावे असा नाही. पण त्यावरून इतके दिसते की परतणे म्हणजे नेहमीच अविचार नव्हे, आणि जेथून गेलो तेथेच परत येता येईल असाही नेम नसतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड ह्यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांविषयी निबंध लिहून, डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्यांची चाल, वाणी व बुद्धी कशी ढासळते हे दाखविले. तेथील फुटबॉलचे प्रख्यात खेळाडू माइक वेबस्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारले. त्यांच्या मेंदूची तपासणी डॉक्टर बेनेट ओमालू ह्यांनी केली, आणि वारंवारच्या धक्क्यांनी झालेली झीज त्यात आढळली. ही झीज एका हादऱ्याने होत नाही. ती वर्षांच्या आवर्तनांची करणी आहे. परंतु जो परतावयाचे ठरवितो त्याने ही माहिती असताना ठरविले पाहिजे. अज्ञानाने पत्करलेल्या धोक्यास धाडस म्हणता येत नाही. तो केवळ अपघात होय.

मी हे सर्व भाच्यास समजावून सांगितले, तेव्हा त्याने मला असा एक प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर सोपे नव्हते. तो म्हणाला, "मामा, प्रमाणपत्राचं काय?" शहरातील सुखवस्तू वाचकांस ह्या प्रश्नाचे वजन कदाचित जाणवणार नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. ज्या जिल्ह्यात पाऊस एक वर्ष येतो आणि दुसऱ्या वर्षी हुलकावणी देतो, तेथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलास पोलीसभरतीचे स्वप्न आणि कबड्डीचे मैदान ही एकच वाट असते. त्यास "बाहेर बस" म्हणणे म्हणजे केवळ करमणूक सोडावयास सांगणे नव्हे. मी त्यास खोटा दिलासा दिला नाही. सामना जाईल, प्रमाणपत्रही जाईल, हे कबूल केले. एवढेच म्हटले की प्रमाणपत्र ज्या परीक्षांस न्यावयाचे त्या परीक्षांतही हाच मेंदू न्यावा लागणार आहे.

मुलास नको म्हणणे आपणांस इतके जड का जाते? त्याचे कारण मैदानाच्या चुन्याच्या रेघेबाहेर उभे असलेले आपण सर्व आहो. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती स्पर्धा जालन्यास भरली होती; बाला रफीक शेख ह्यांनी अभिजित कटके ह्यांस हरवून गदा जिंकली. त्या दिवसांत जिल्ह्यातील लहानथोर कुस्तीमय झाले होते. हा उत्साह निंद्य नाही. आमच्या भागाचे ते भूषण आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ह्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे, आणि मारुतीची व बलाची उपासना त्यांच्याच नावाशी निगडित आहे. पण तालमीतील मारुतीपुढे माथा टेकताना त्याच्याच बालपणीची कथा आपण विसरतो. इंद्राच्या वज्राने हनुवटीवर घाव बसून तो बालक निश्चेष्ट पडला, तेव्हा वायूने त्यास उचलून गुहेत नेले आणि सर्व विश्वाचा वारा रोखून धरला. पुत्र सावरेपर्यंत जगाचा व्यवहार थांबला तरी चालेल, अशी त्या पित्याची वृत्ती होती. आपण तर एका गावचा एक सामना थांबवावयास तयार नसतो!

जगातील मोठ्या खेळांनी अलीकडे आपली रीत थोडी बदलली आहे. क्रिकेटमध्ये ऑगस्ट २०१९ पासून, डोक्यास मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घेता येतो. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या शिरस्त्राणावर चेंडू आदळला. तो डाव संपेपर्यंत खेळला, पण पुढे त्याच्या जागी युजवेंद्र चहल आला आणि त्याने तीन गडी बाद केले. त्यावर प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकांनी मैदानातच हरकत घेतली. मला त्यांना दोष द्यावयाचा नाही. अदृश्य दुखापतीवर शंका घेणे हा मनुष्यस्वभावच आहे. नियमाचा उपयोग हाच की तो ह्या स्वभावापासून दुखावलेल्यास वाचवितो. आमच्या खेड्यांतील सामन्यांस डॉक्टर नाही, बदली खेळाडूचा असा नियमही नाही. तेथे नियमाची जागा माणसांनीच घेतली पाहिजे. गुण दोनदा विचारणाऱ्या मुलास पाहून न हसता पंचास हात करणारा एक सोबती पुष्कळ झाला.

आणि शौर्याचे काय? दुखणे सोसून लढणे ह्यास आपण शौर्य म्हणतो, ते उगीच नव्हे. गुडघा फुटला असता शेवटची चढाई करणारा गडी आपल्या शरीराचा एक अंश पणास लावतो, आणि तो पण लावणारा "मी" मागे शाबूत राहतो. मेंदूच्या बाबतीत पणास लागतो तो "मी"च. जो धैर्य दाखविणार, जो पुढे आपल्या धैर्याची आठवण ठेवणार, जो आईस ओळखणार, तोच डावावर लावावयाचा, ह्यास शौर्य कसे म्हणावे? येथे खरे शौर्य, टाळ्या वाजत असता मैदानाबाहेर बसण्यात आहे. आणि त्यास टाळ्या मिळत नाहीत, हेच त्याचे शौर्यपण.

कबड्डीच्या जुन्या परंपरेत खेळाचे तीन प्रकार सांगत. अमर ह्या प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे. गामिनीत तो गेला की सर्व संघ बाद होईपर्यंत परतत नसे. आणि संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. आजचा खेळ संजीवनीचा आहे. आमच्या घरात त्या दिवशी हेच तीन प्रकार चालले होते. मुलगा अमर खेळत होता, आई गामिनी खेळत होती. मला संजीवनी हवी होती. पण तिचा नियम लक्षात ठेवून. जिवंत होण्याची वेळ बाहेर बसलेला गडी ठरवीत नाही. ती आली म्हणजे मात्र त्यास कोणी अडवीतही नाही. आणि एखाद्याच्या नशिबी गामिनीच आली, म्हणजे हादरे पुनःपुन्हा बसू लागले, लहानशा धक्क्यानेही लक्षणे उमटू लागली, बरे होण्यास दर वेळी अधिक दिवस लागू लागले, तर त्याने खेळ सोडणे म्हणजे आयुष्य सोडणे नव्हे. पंचाची शिटी, लहान मुलांची शिकवणी, धक्काबुक्कीवाचूनचे खेळ, ही सर्व मैदानाचीच अंगे आहेत.

तो सामना भाचा खेळला नाही. संघ हरला. दोघातिघांनी त्यास ऐकू जाईल असे टोमणे मारले, आणि रात्री तो उशीत तोंड खुपसून रडला, हे बहिणीने मला सांगितले. शिकविणारे गृहस्थ मात्र दुसऱ्या दिवशी घरी आले, आणि अशा वेळी काय करावयाचे ते लिहून द्या, असे म्हणाले; डॉक्टरांचा कागद त्यांनी उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी डोकेदुखी गेली. मग फिरणे, मग धावणे, मग एकट्याने चढाईच्या हालचाली, अशा पायऱ्या झाल्या. एकदा चक्कर आली तेव्हा त्याने ती आपण होऊन सांगितली आणि एक पायरी खाली उतरला. त्या दिवशी मला प्रथमच वाटले की हा मुलगा आता स्वतःविषयी निर्णय करण्यास योग्य झाला.

दोन महिन्यांनी त्याने आईपुढे बसून सांगितले की डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, धोका मला समजला आहे, आणि मला खेळावयाचे आहे. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खेळ. पण लागलं तर लपवू नकोस." त्याने कबूल केले.

आता तो खेळतो. बहीण सामना पाहावयास जात नाही. देवळाच्या पायरीवर बसून राहते आणि गलक्यावरून काय ते ओळखते. माझीही भीती गेलेली नाही, आणि ती जावी असेही मला वाटत नाही. रथ परत रणात नेताना त्या सारथ्याचे मन निश्चिंत असेल असे मला वाटत नाही. लगाम मात्र त्याच्या हाती होता, आणि रथी शुद्धीवर होता.